बोळे कोणासाठी घातले होते

लिंबायतमधल्या एका पॉवरलूम शेडच्या दारात मी उभी होते. आत मास्तर, म्हणजे लूमवर देखरेख करणारा माणूस, दोन्ही हात कानांकडे नेऊन कारागिरांना खूण करत होता. त्या दुपारी मी न कळवता आले होते. खूण पोचली तसे एकेकाचे हात खिशात गेले आणि कानांत पिवळे बोळे बसले. आमचा सगळा डेटा माझ्या डोळ्यांसमोर तयार झाला.

माणसं निर्णय कसे घेतात यावर प्रयोग करणाऱ्या संस्थेत मी काम करते. लूमच्या आवाजाने कारागिरांना हळूहळू बहिरेपण येतं, पण बोळे फुकट दिले तरी कुणी घालत नाही. म्हणून एका शेडमध्ये आम्ही दाराशी बोळ्यांचा डबा ठेवला; हवे त्याने घ्यावेत. शेजारच्या शेडमध्ये प्रत्येक लूमवर जोडी आधीच टांगली. नको त्याने काढून ठेवावी. याला आमच्यात डीफॉल्ट म्हणतात. जे आपसूक पदरात पडतं ते माणूस सहसा बदलत नाही. कुठल्या शेडला काय, ते चिठ्ठी टाकून ठरवलं होतं.

जोड्या टांगलेल्या शेडमध्ये, म्हणजे याच, जवळजवळ सगळेच बोळे घालताना दिसत. बंगळुरूचे आमचे प्रमुख नायर सर खूश होते. निधी देणाऱ्यांसमोरचं प्रेझेंटेशनही ठरलं होतं.

शिफ्ट सुटल्यावर चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, त्या शेडमधले सुकलालभाऊ भेटले. ते अमळनेरकडचे, मी इथल्याच नवागामची. घरची बोली मात्र एकच, अहिराणी.

"भाऊ, मी गेल्यावर बोळ्यांचं काय करता?"

"काढतो. घामाने खाज सुटते."

"मग मी आल्यावर का घालता?"

त्यांनी आजूबाजूला बघितलं. "शेठ म्हणाला, ताई आली आणि कान मोकळे दिसले तर लूम दुसऱ्याला. कान मना शेतस, पन नको म्हनाले भ्याव वाटस."

कान माझे, पण नको म्हणायला भीती वाटते. प्रयोग सुरू करताना मीच प्रत्येकाला सांगितलं होतं, नको वाटलं तर नाही म्हणा, काही होणार नाही. तो शब्द माझा होता, आणि शेठने तो परस्पर मोडला होता. माझं डोकं फिरलं.

सरांना फोन लावून सगळं सांगितलं. "सर, या शेडचा डेटा टाकून द्यावा लागेल."

"मास्तरच्या हातवाऱ्यांवरून? एक फुटनोट टाकू."

"फुटनोटमध्ये मावणार नाही. हे धाकाने घातलेले बोळे आहेत."

"पण कान वाचतायत ना?"

"मी समोर असते तेवढा वेळ."

"प्रेझेंटेशन तुला करायचंय. विचार कर."

"केलाय, सर."

दुसऱ्या दिवशी शेडच्या मालकाच्या, शेठच्या केबिनमध्ये गेले. ते शांतपणे गुजरातीत म्हणाले, "बेन, फायदो तो एमनोच छे ने?"

"फायदा त्यांचा आहे, तर धमकी कशाला?"

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"मी डोळ्यांनी पाहिलं."

"नाव सांगा."

"माझंच लिहून घ्या. कामगारांना त्रास होणार नाही, या करारावर तुमची सही आहे. कुणाचं लूम गेलं तर एथिक्स कमिटीला मी लेखी कळवणार." माणसांवरच्या प्रयोगांना परवानगी देणारी ती कमिटी. शेठने ड्रॉवरमधून करार काढला आणि स्वतःची सही तपासली.

शिफ्ट बदलताना लूम थांबली, तेव्हा मास्तरच्या देखत मी सगळ्यांना सांगितलं, "प्रयोग आजपासून बंद. स्वतःसाठी घालायचे तर घाला, आमच्यासाठी कुणी घालू नका."

मग सुकलालभाऊंनी बोळे काढून लूमवर ठेवले, मास्तरकडे बघत. मागोमाग बाकीच्यांनी काढले. कोपऱ्यातल्या काही जणांनी मात्र कानातच राहू दिले. आमच्या अख्ख्या प्रयोगातली खरी निवड तेवढीच, काढणाऱ्यांची आणि ठेवणाऱ्यांचीही.

प्रेझेंटेशनच्या पहिल्याच स्लाइडवर मी हे सगळं मांडलं. पुढचा निधी आला नाही. सरांनी पुढचा प्रोजेक्ट दुसऱ्याला दिला. सुकलालभाऊंचं लूम शाबूत राहिलं. मी अधूनमधून जाऊन बघून येते, आणि शेठला ते दिसेल अशा बेताने जाते.

माणूस काय निवडतो हे मोजायचं असेल, तर आधी त्याला नाही म्हणता आलं पाहिजे. ते जमत नसेल तर प्रयोगाऐवजी सरळ हजेरीपट भरावा. खर्च कमी येतो.