नाल्याजवळचा आकडा

१९९७ साल, माझं वय एकसष्ट. हैदराबादेत नामपल्लीला, मी राहतो तिथं शेजारच्या दुकानातल्या फोनवर दिगंबर सर गेल्याचा निरोप आला. पहिलं मनात काय आलं ते सांगायला लाज वाटते... आता त्या आकड्याबद्दल मला कुणी विचारणार नाही.

सर जंगलातली माती मोजायचे. बाजार खुला झाला तसे आमच्या ठेकेदाराने सागवान ओढायला नवे अवजड ट्रॅक्टर आणले. त्यांच्या चाकांखाली जमीन किती दबते ते बघायला सर हैदराबादहून आले. मी तिथला मुकादम, लाकूड ओढायचा रस्ता माझ्याकडे. शाळा चौथीपर्यंत, पण माझ्या रस्त्याला नावं ठेवलेली मला खपत नसत. साहेब येणार म्हटलं की चाकोऱ्या भरून घ्यायच्या, पाहुण्यांआधी अंगण सारवावं तसं, ही माझी जुनी रीत. नाल्याजवळच्या उतारावरही भुसभुशीत माती टाकली, वर पाला पसरला.

सर काटा बसवलेली लोखंडी सळई चाकोरीत दाबत. जमीन दबलेली असली की सळई अडते, काटा चढतो. उपसली की भोक अंगठ्याने बुजवत. त्या उतारावर सळई सरळ आत गेली.

"हणमंतराव, माती टाकली का हो इथं?"

"नाही सर. माझा रस्ताच तसा आहे."

"हौ, तुमचा रस्ता अन् तुमची मिशी, दोन्हीला हात लावायची सोय नाही!" हसले आणि आकडा लिहिला.

जमीन दबत नाही असं धरून त्या आकड्यावर उतार ट्रॅक्टरांना खुला झाला. दर पावसाळ्यात नाला गढूळ वाहतो, खालच्या वस्तीला पाणी पिववत नाही, असं ऐकलं की मी विषय बदलायचो. यंदा तर त्याच आकड्यावर पलीकडचा उतारही उघडणार होते. शेवटचा हैदराबादेत कोठी भागात सरांच्या घरी गेलो, तेव्हा ते म्हणाले, "तो नाल्याचा आकडा मला अजून पटत नाही हो." मी चहा बशीत ओतत राहिलो...

दिवस झाल्यावर सरांच्या घरी भेटायला गेलो तर वहिनींनी ती सळई आणि एक वही माझ्या हातात ठेवली. "तुम्हालाच द्या म्हणाले होते." घरी येऊन एकेक अक्षर लावत वाचलं. त्या आकड्याभोवती पेन्सिलीचा गोल होता. शेजारी लिहिलं होतं : हणमंतरावांना परत विचारणे. रागावतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या ऑफिसचं कुलूप निघायच्या आधीच सळई घेऊन मी पायरीवर बसलो होतो. त्यांच्या जागेवरचे नवे साहेब आले. मी उठलो.

"ती माती मी टाकली होती," म्हणालो. "चला, परत मोजू."