खालच्या कपाटातले कप

"ते नको गं, ते दुपारच्या लोकांचे आहेत."

सकाळच्या उपासनेनंतर चर्चच्या किचनमध्ये चहाची गडबड चालू होती. बोलल्या त्या चहाच्या पाळ्यांच्या यादीतल्या सगळ्यात जुन्या बाई, ऐंशीच्या पुढच्या. नव्याने मदतीला आलेल्या एका मुलीने निळ्या काठाचे दोन कप हातात घेतले होते. तिने ते सिंकखालच्या कपाटात परत ठेवले आणि वरच्या फळीवरचे पांढरे घेतले. मी शेजारीच बशा पुसत होते. बाईंच्या आवाजात राग नव्हता, तिरस्कारही नव्हता. कचऱ्याचा बिन कुठल्या वारी बाहेर ठेवायचा हे सांगावं, तसं त्यांनी सांगितलं.

दुपारचे लोक म्हणजे नायजेरिया आणि घानाची कुटुंबं. त्याच इमारतीत दोन वाजता त्यांची उपासना असते. सकाळच्या उपासनेला येतात ते बहुतेक गोरे, वयस्क, आणि मी. इंग्लंडमध्ये लेस्टरला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली तेव्हापासून, म्हणजे दोन वर्षं, मी तिथे जाते. शाळा इंग्लिश मीडियमची, त्यामुळे इंग्लिश उपासना मला सोपी जाते. पहिल्याच रविवारी त्यांनी मला आपल्यात बसवून घेतलं आणि पांढऱ्या कपात चहा दिला.

त्याच्या तीन आठवडे आधी आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी, पाळकबाईंनी, मला बाजूला घेतलं होतं. दोन्ही मंडळ्या एकाच छताखाली असून एकमेकांना ओळखत नाहीत, याचं त्यांना वाईट वाटत होतं. दोन्हीकडचे तीन-चार जण दर महिन्याला एकत्र बसून बोलणार होते, मनात साठलेलंसुद्धा.

"तू येशील? मला वाटतं, तुला देवाचं यासाठी पाचारण असेल."

"प्रार्थना करून सांगते," मी म्हणाले.

आमच्या घरात या वाक्याचा अर्थ 'नाही' असा होतो. संडे स्कूलचं काम अंगावर येतंय असं दिसलं की पप्पा हेच म्हणायचे. त्यावर कुणाला वाद घालता येत नाही. पण पाळकबाईंना हे कुठून ठाऊक असणार? त्या खरंच वाट बघत राहिल्या.

कपांचं मी मम्मीला फोनवर सांगितलं.

"वेगळे कप?" ती म्हणाली.

पप्पांच्या आजोबांना गावच्या हॉटेलात चहा मिळायचा तो बाहेर बसून, करवंटीत. मिशनच्या शाळेतल्या मास्तरांनी त्यांना घरात बोलावून स्वतःच्या कपात चहा दिला, तिथून आम्ही ख्रिस्ती. घरात हे फारसं कुणी बोलत नाही, पण माहीत सगळ्यांना आहे.

"मग बोललीस का काही?"

"नाही."

"बरं केलंस. व्हिसावर आहेस तू. आणि त्या काळ्या लोकांच्यात तू कशाला पडतेस?"

"मम्मी, इथे आपणही काळेच."

"चल! तू चांगली गव्हाळ आहेस."

मला हसू आलं. पण एक गोष्ट मी तिला सांगितली नव्हती. चर्चला जायला लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात बशा लावताना मला निळ्या काठाचा एक कप वरच्या फळीवर दिसला. मी तो उचलून खाली ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं, बघून बघून कळलं होतं. गप्प बसणाऱ्याला बघायला वेळ असतो. आणि खरं म्हणजे तेव्हा मला बरं वाटलं होतं. कुठली वस्तू कुठे जाते ते कळलं, म्हणजे आपण इथले झालो. त्यानंतर दर वेळी तसंच.

त्या आठवड्यात मी खरोखर प्रार्थना केली. आवाज वगैरे काही ऐकू आला नाही. फक्त कप खाली ठेवणारा माझा हात दिसत राहिला. पाचारण धीट, बोलक्या माणसांना होतं, असं मी धरून चालले होते. ते अशी लाज वाटायला लावूनही होत असेल, हे माझ्या डोक्यात नव्हतं.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. वेदीपाशी आम्ही सगळे एकाच प्याल्यातून प्यालो, आणि वीस मिनिटांनी मी किचनमध्ये पांढरे कप मांडत होते. त्या जुन्या बाई चहा ओतत होत्या. पाळकबाई आत आल्या आणि मनापासून म्हणाल्या, "मग, केलीस प्रार्थना?"

'अजून करतेय' म्हटलं असतं तरी चाललं असतं. आणखी महिनाभर निघाला असता.

"हो. मी येते," मी म्हणाले. मग बाईंनाही ऐकू जाईल इतक्या आवाजात, "पण आधी एक सांगायचंय. ते निळे कप मीसुद्धा खालीच ठेवत आलेय. दोन वर्षं. मला कुणी सांगितलं नव्हतं तरी."