मी केलेली त्याची नक्कल

काळ्या ठिपक्यांचा पांढरा कुत्रा म्हटलं की तुम्ही लगेच "किती गोड!" म्हणायच्या तयारीत बसला असाल. बसू नका. ही मुतखड्याची गोष्ट आहे आणि हिच्यात जनावर मी आहे.

कुत्रा कोपरीच्या आत्याचा. ती लग्नासाठी गावी गेली तेव्हा त्याला माझ्याकडे डोंबिवलीला सोडून गेलेली. जाताना बजावलं, "याच्या जातीलाच खडे होतात रे. आईलापन झालेले. पाणी पाज, आणि मुतताना अडकला तर लगेच डॉक्टर." तिची पाठ वळली तशी मी तिचीच नक्कल केली, बोट नाचवून.

तिसऱ्या दिवशी हा प्रत्येक खांबापाशी पाय वर करून उभा. पाठ वाकलेली, शेपूट थरथरतेय, आणि पडतात थेंब दोन. संध्याकाळी बिल्डिंगखाली मित्रांना करून दाखवलं. एका पायावर उभा, डोळे बारीक, वर कॉमेंट्री, "सर्व्हर डाऊन आहे साहेब, उद्या या!" सगळे लोळले. "परत कर ना रे!" परत केलं. व्हिडिओ स्टेटसला टाकला. दुसऱ्या दिवशीही तेच. कुत्रा बाजूलाच कण्हत होता, आणि मी त्याच्याकडे बघून माझं कण्हणं सुधारत होतो.

पाचव्या दिवशी तो जेवला नाही. पोटाला हात लावू देईना. रिक्षात घालून डॉक्टरकडे नेला.

"लघवीला कसा उभा राहतो?" डॉक्टरांनी विचारलं.

मी करून दाखवलं. बाकावरची एक बाई खुदकन हसली. डॉक्टर नाही हसले.

"हे किती दिवस?"

"तीन."

नळी घातली, अडकलेला खडा मागे ढकलला. लालसर लघवी आली.

"खडे याच्या रक्तातच आहेत, ती तुझी चूक नाही," डॉक्टर म्हणाले. "पण उद्या आणला असतास तर वाचला नसता."

दवाखान्यातून मी फोन केला तशी आत्या दुसऱ्या दिवशी एसटीतून उतरून बॅगेसकट दवाखान्यात आली. फोननंतर लगेच तिने माझा स्टेटसही बघितलेला. कुत्रा नळीसकट माझ्याकडे बघून शेपूट हलवत होता. मला तिकडे बघवेना.

"मेल्या, शेपूट कशी थरथरते तेपन बरोबर घेतलंस! एवढं निरखून बघितलंस, मग तेव्हाच मला एक फोन करायला हात मोडलेला तुझा? खाली काय बघतोस? त्याच्याकडं बघ!"