बुधवारची झोळी

कळसच्या घरासमोर गाडी सुरू होऊन उभी होती आणि आई आमची बॅग पुन्हा उघडत होती. काट्यावर तोलून भरलेली बॅग. बाळंतपणाला गावाकडं आलेली माझी बायको स्नेहल आमच्या चार महिन्यांच्या लेकीला, मैत्रीला, घेऊन परत निघायला मागच्या सीटवर बसलेली, आणि मी तिसऱ्यांदा सांगत होतो, "आये, तेवीस किलोच्या वर चालत न्हाय." आईने बाळाच्या कपड्यांचा एक गठ्ठा काढून बाजूला ठेवला आणि त्या जागी आपलं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं कोंबलं. "झोळीला व्हईल," म्हणाली. मग खिडकीतून आत वाकली. "पोरीला रडू दिऊ नको रं. परक्या मुलखात तिला कोन हाय दुसरं?" दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला मागं ओढलं, आम्हाला जयभीम केला आणि ड्रायव्हरला निघायला सांगितलं. भिगवणला हायवेला लागेपर्यंत मी रडत होतो. मैत्री मस्त झोपली होती.

हे मी गावाकडच्या सगळ्यांसाठी लिहितोय, आणि पुण्याला, दुबईला, कुठंकुठं पांगलेल्यांसाठीही. ग्रुपवर तुम्ही विचारता, तिकडं कसं चाललंय? मी अंगठा वर करून टाकतो. खरं सांगायचं तर गेले काही महिने मला काहीच कळेनासं झालंय. कारण ऐकाल तर हसाल. आमच्या घरात भांडण पेटलंय ते बाळाला झोपवायचं कसं यावरून.

आम्ही राहतो नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला. लोणी देवकरच्या कंपनीत होतो तेव्हा रात्रपाळी करून आलो की भर दुपारी, गिरणीच्या आवाजात, डोक्याखाली हात घेऊन झोपायचो. झोप लागायची. ती लावायला शिकवावं लागतं हे मला इथं येऊन कळलं. बाळांच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी समजावलं ते असं: बाळाची खोली वेगळी, संध्याकाळी सात वाजता जागं असतानाच त्याला पलंगावर ठेवायचं आणि बाहेर यायचं. रडलं तर तीन मिनिटांनी आत जायचं, थोपटायचं, उचलायचं नाही. मग पाच मिनिटांनी, मग आठ. दुपारच्या झोपेलाही हेच. उन्हाळ्यात इथं सातला लख्ख ऊन असतं. गावाकडं त्या उजेडात माणसं अजून रानात असतात, आणि मी पडदे ओढून पोरीला सांगतोय की रात्र झाली.

स्नेहलला हे पटलं होतं. ती बारामतीची, शिक्षिकेची मुलगी; कुठलीही गोष्ट वाचून, तक्ता करून मगच करणारी. तक्ता फ्रिजवर लागला. पण ती हौसेने हे करत नव्हती. माझ्या नोकरीसाठी पुण्यातली लॅब सोडून ती इथं आली, दोन वर्षं घरी बसली, आणि बाळ सात महिन्यांचं असताना तिला इथल्या एका प्रयोगशाळेत सहा महिन्यांचा करार मिळाला. मैत्री रात्रीतून सहा वेळा उठायची. तिला अंगावर प्यायची सवय, त्यामुळे उठावं लागायचं स्नेहललाच. एकदा तिने नमुन्यांच्या दोन बाटल्यांवर एकमेकींच्या चिठ्ठ्या लावल्या आणि साहेबांनी बोलावून घेतलं. "हे काम गेलं ना विशाल, तर मी परत नुसती तुझ्या व्हिसावर आलेली बाई होईन," ती म्हणाली. मला हे कळत होतं. आणि तरी पहिल्या संध्याकाळी पाचव्या मिनिटाला मी जिन्यावर कान दाबून बसलो होतो आणि म्हणत होतो, "आमच्याकडं लेकराला असं कुणी टाकत नाही."

हे 'आमच्याकडं' मी फार वापरलं. बारामती ते कळस अंतर ते किती, पण मी असा बोलायचो जणू तिचा जन्मच आइंडहोव्हनला झालाय.

शेवटी मी कबूल झालो. बुधवार माझा होता. इथं त्याला पापादाख म्हणतात. आठवड्यातून एक दिवस बापाने घरी राहून मूल सांभाळायचं. पहिल्याच बुधवारी स्नेहलची सायकल कोपऱ्यावरून वळली आणि मी आईचं लुगडं काढलं. दाराच्या चौकटीत व्यायामासाठी मी एक बार बसवला होता. त्याला मी स्वतः कधी लटकलो नाही, हा स्नेहलचा आवडता टोमणा. त्या बारला झोळी बांधली, दोरी हातात घेतली. मैत्री चार झोक्यांत गप्प. अडीच तास झोपली. मी दोरी ओढत लॅपटॉपवर मेल पाहिले आणि स्वतःवर इतका खूश झालो की विचारू नका. संध्याकाळी तक्त्यावर लिहिलं, 'रडली सात मिनिटं, मग झोपली.' आकडा मनचा.

असे आठ बुधवार.

नवव्या बुधवारी स्नेहल कणकण आली म्हणून दुपारी एकलाच घरी आली. दार उघडलं तर समोर झोळी, झोळीत मैत्री, आणि दोरी माझ्या पायाच्या अंगठ्याला. मला वाटलं आता आरडाओरडा होईल. ती पायरीवर बसली, कोट तसाच अंगात. तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाली, "दर गुरुवारी ती सगळ्यात जास्त रडायची. मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय. मी दाराबाहेर उभी राहून मोजत होते, विशाल. ती पुन्हा पहिल्यापासून शिकत होती, दर आठवड्याला. तू तिचं रडणं वाचवलं नाहीस. तू ते माझ्या वाट्याला ढकललंस."

मला लाज वाटली. लाज वाटली की माणूस वकील शोधतो, तसा मी शोधला. कळसला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि म्हणालो, "आये, हिला कणकण आलीया म्हून घरी आली. तूच सांग हिला. आपल्यात लेकराला रडत ठेवत्यात का?"

आई म्हणाली, "तुला काय वाटतं रं, म्या तुला मांडीवर घिऊन बसली व्हती?"

तेव्हा आमची जमीन नव्हती. आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची, एवढं मला ठाऊक होतं. बांधावरच्या बाभळीला माझी झोळी असायची, हेही ऐकलं होतं, आणि ते मी इथं ऑफिसात मोठ्या कौतुकाने सांगितलंही होतं. पुढचं कुणी सांगितलं नव्हतं.

"खुरपनीची पात लागली की वळ संपस्तवर मधी उठता येत न्हवतं. उठलं की बोलनी बसायची, दुसऱ्या दिशी कामाला सांगत न्हवती. तू रडायचास. पार आवाज बसंस्तवर रडायचास. हिकडं माझं पोलकं दुधानं भिजायचं आन् म्या खाली मान घालून खुरपायची. मंग तू गप व्हायचास. गप झालास की मला ज्यास्त भ्या वाटायचं. म्हून तुला म्हनलं, पोरीला रडू दिऊ नको. तुमास्नी उचलता येतंय. मला येत न्हवतं."

"म्हणजे माझंच बरोबर ना?" मी विचारलं. किती मूर्ख असावं माणसाने.

"मला न्हाय ठाव. तिला कामाला जायचं हाय, तिला झोप पायजे. तिचंबी खोटं न्हाय. तुमी दोघं बगा. पर भांडनात माझी साक्ष काढू नको." मग हळूच, "स्नेहल, ताप हाय व्हय गं? आल्याचा चहा घे." स्नेहलने मान हलवली, जणू आईला ते दिसणार होतं.

त्या दिवसापासून माझा घोळ वाढलाच आहे. ज्या घराच्या नावाने मी भांडत होतो, ते घर नव्हतंच. तिथंही लेकरू रडत होतं. फक्त ऐकणारीला उठायची मुभा नव्हती. मग आईच्या दुःखाची भरपाई म्हणून मी मैत्रीला उचलायचं, की स्नेहलला आईसारखं जीव दाबून राबावं लागू नये म्हणून रडू द्यायचं? दोन्ही बाजूंनी आईच दिसते. नर्सबाईंना विचारलं तर त्या हसून म्हणाल्या, सातत्य ठेवा. कशाचं, ते मी विचारलं नाही.

झोळी आता बॅगेत आहे. बुधवारीही तक्त्याप्रमाणे, असं आमचं ठरलं. स्नेहलच्या कराराचं पुढच्या महिन्यात कळेल. गेल्या बुधवारी दुपारी तिने कामावरून फोन केला. "झोपली?"

"झोपली," मी म्हणालो. मग जीभ रेटून पुढचं सांगितलं, "पण मी उचललं. चौथ्या मिनिटाला."

मला वाटलं, संपलं आता.

"मी काल उचललं," ती म्हणाली. "दुसऱ्याच मिनिटाला. तुला सांगायचा धीर होत नव्हता."

ती रडत होती की हसत होती, मला अजून माहीत नाही.

तुम्ही विचारता, तिकडं घर झालं का रे? काय सांगू. पोरीचं काय बरोबर, हे दोघांनाही कळत नाही. आजकाल चुकतो ते एकमेकांना सांगून चुकतो. सध्या मी यालाच घर म्हणतोय.