मामांची पांढरी पानं

मनीप्लांटसमोर आवाज चढवायचा नाही, हा नियम असलेलं घर सबंध मराठवाड्यात एकच असेल आणि ते माझ्या बायकोच्या मामांचं आहे. मामा कन्नड गावातल्या शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्तीनंतर ते संभाजीनगरात आमच्या मागच्या गल्लीत राहायला आले. मामी गेल्यापासून त्या घरात मामा आणि मामींची ती वेल असे दोघंच राहतात आणि घरात चालतं ते वेलीचं. काथ्या गुंडाळलेल्या काठीवरून ती पार छतापर्यंत गेली आहे. पानं अर्धी हिरवी, अर्धी पांढरी. तिच्यावर उजेड नीट पडावा म्हणून टीव्ही आतल्या खोलीत गेला. वाऱ्यानं पानं सुकतात म्हणून बैठकीतला पंखा बंद असतो; भर एप्रिलमध्ये पाहुण्यांच्या हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र देतात. आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. पहिली घागर वेलीची. तीही दोन दिवस उघडी ठेवायची. का, तर "नळाच्या पाण्याला राग असतो, तो उतरू द्या." पाहुण्यांना मात्र तेच रागावलेलं पाणी, अर्धा पेला.

निव्वळ हिरवा फुटवा दिसला की मामा कात्री काढतात. "हिरवं कुणालाही जमतं, जावईबापू," ते मला म्हणतात. "पांढरं राखावं लागतं. जलरंगात बी तसंच. कागद कोरा सोडायला लई धीर लागतो."

गेल्या मे महिन्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते बारा दिवस पुण्याला लेकीकडे गेले आणि किल्ली माझ्याकडे आली. सोबत चार पानी सूचना, आकृत्यांसह. त्यात दोनदा अधोरेखित केलेलं वाक्य होतं: दुपारी पडदा ओढावा. नवव्या दिवशी वेल मला जरा मलूल वाटली. सकाळी मी मायेनं पडदा बाजूला सरकवला आणि तो तसाच ठेवून ऑफिसला गेलो. संध्याकाळी येऊन पाहतो तर सात पानांचा पांढरा भाग पापडासारखा भाजून निघाला होता. हिरव्याला काही झालं नव्हतं. मी ती पानं कापली आणि, लिहायला लाज वाटते, पिशवीत बांधून घंटागाडीत टाकली.

मामा काळा चष्मा लावून परतले. "कसं आहे झाड?"

"छान आहे," मी म्हणालो.

पुढचा आठवडा मला जेवण गेलं नाही. "त्यांना दिसायला लागायच्या आत सांगून टाका," बायको म्हणाली. शेवटी गेलो आणि मान खाली घालून सगळं सांगितलं, घंटागाडीसकट.

"सात ना?" मामा म्हणाले. "आलो त्याच दिवशी बोटांनी कापलेली देठं चाचपली. म्हटलं, बघू जावई किती दिवस काढतात."

मी माफी मागायला लागलो. त्यांनी हातानं थांबवलं.

"हे तुमच्या मामीनं लावलेलं झाड नव्हंच. ती महिनाभर देवगावला माहेरी गेलती. मी मायेनं रोज पाणी घालून मूळ कुजवलं. मग तसलंच दुसरं आणून त्याच कुंडीत लावलं."

"मामींना कळलं नाही?"

"कळलंच असंल. तिच्या झाडाला पांढरं जास्त होतं. बारा वर्षं पाणी घालत राहिली. एका शब्दानं विचारलं नाय. मीबी सांगितलं नाय. तुम्ही तरी आठ दिवसांत आलात."

मग त्यांनी मला कुंडी थोडी फिरवायला लावली. हळू, असं तीनदा बजावलं. शेंड्याला एक नवं पान आलं होतं, सुरळीसारखं, अजून मिटलेलं. त्यात पांढरं किती आहे ते काही कळत नव्हतं. पंखा बंदच होता. मामांनी मला वर्तमानपत्र दिलं, एक स्वतः घेतलं, आणि आम्ही त्या पानाकडे बघत वारा घेत बसलो.