पंधरा तारखेचा नंबर

दर मंगळवारी माझे आबा लासूर स्टेशनहून सकाळच्या गाडीनं संभाजीनगरला येतात आणि सैनिक कल्याण कार्यालयाबाहेर लिंबाखालच्या बाकड्यावर बसतात. सोबत एक काळी पिशवी, तिच्यात कोरे कागद, दोन पेनं आणि चष्म्याचं घर. कुणाचा पोरगा फौजेत असतो, कुणाचा नवरा. कुणाला रजेचा अर्ज लिहून पाहिजे असतो, कुणाला पलटणीत फोन लावून पाहिजे असतो. आबा फुकट करून देतात. आता तुम्ही म्हणाल, लई भला माणूस. हाय भला. पण त्यांना एक खोड लागलीय. एखादी बाई सांगते की सासूला ताप हाय, नवऱ्याला चार दिवस बोलवायचंय, आणि आबा लिहून मोकळे होतात: आई सिरियस. बाई घाबरते, म्हणते आवो बाबा, नुसता ताप हाय. आबा म्हणतात, असू दे, आजच पाठव. पलटणीतले क्लार्क माझ्या बापाच्या नावानं बोटं मोडत असतील. मोडू द्या. तीस वर्षं आबांनीही असल्या अर्जांच्या नावानं हेच केलं.

सुभेदार बद्रीनाथ तुपे, पलटणीचे रिटायर क्लार्क. मी त्यांची थोरली, तनुजा. वाळूजला एका कंपनीत कामाला आहे आणि तोंडानं फटकळ आहे, हे आबाच सगळ्यांना सांगत फिरतात. आबांनी बंदूक चालवली ती शिकण्यापुरती. त्यांचं खरं हत्यार म्हणजे रजेचं रजिस्टर. आठशे माणसं, त्यांतली किती एका वेळी घरी सोडायची ते ठरलेलं, आणि कोण कधी जाणार त्याचे नंबर लावणं आबांच्या हातात. बाहेरच्याला वाटतं, फौज म्हणजे तोफा. आबा म्हणायचे, फौज म्हणजे घरी जायची वाट बघणारी माणसं.

आता नंबर यायच्या आधी घरी जायचं असलं, तर एकच दार उघडं असतं: आई सिरियस. घरून फोन करवायचा, कुणी चुलता रडका आवाज काढतो, आणि पोरगं सुटतं. आबांना हे पक्कं ठाऊक. म्हणून त्यांनी एक डायरी केली होती. मराठवाड्यातल्या, खानदेशातल्या कोणत्या गावची जत्रा कधी, ते तिच्यात लिहिलेलं. अजिंठ्याकडच्या एखाद्या पोराची आई सिरियस झाली, की आबा डायरी उघडायचे, आणि चार दिवसांवर जत्रा निघायची. मग त्या पोराची अशी हजेरी घ्यायचे, की विचारू नका. लहानपणी आम्हाला हे ऐकून लई हसू यायचं.

पण आबा हसायचे नाहीत. एकदा असंच एक पोरगं त्यांच्या हातून निसटलं. आई सिरियस म्हणून गेलं आणि जत्रेत कुस्ती खेळून आलं. त्याच्यामुळं कडुबा नावाच्या दुसऱ्या जवानाचा नंबर मागं सरकला आणि त्याच्या बहिणीचं लग्न भावाशिवाय लागलं. कडुबा आबांच्या टेबलापुढं उभा राहून रडला. तक्रार काही केली नाही, नुसता रडला. तेव्हापासून आबांचं ठरलं: एक माणूस रांग मोडतो, तेव्हा दुसऱ्याच्या घरी कुणीतरी दाराकडं बघत बसतं. हा नेम त्यांनी आधी स्वतःला लावला. माझ्या जन्माला आबा नव्हते. ऋतुराजच्या जन्मालाही नव्हते. नंबर नव्हता. आई हे कुणालाही हसत सांगायची, आणि मला तिच्या त्या हसण्याचा राग यायचा.

ऋतुराज माझा धाकटा भाऊ. तोही फौजेतच गेला, आबांच्याच पलटणीत, दुसरं काय होणार? गेल्या हिवाळ्यात तो वर बर्फातल्या चौकीवर होता. तिथं मोबाईल लागत नाही. आठ-दहा दिवसांनी खालच्या ठाण्यामार्फत दोन मिनिटं फोन जोडून मिळायचा. आणि त्याच हिवाळ्यात आईची किडनी गेली.

शहरातल्या दवाखान्यात वीस दिवस काढले. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, महिना निघेल की नाही सांगता येत नाही, ज्याला भेटवायचंय त्याला भेटवून घ्या. मी कंपनीत रजा टाकली आणि लासूरला येऊन राहिले. आईला दुसरं काही नको होतं. एकदा ऋतुराज दिसला पाहिजे, बस. त्याच्यासाठी कुरडयांचा डबा भरून ठेवला होता, त्याला मला हातही लावू देत नव्हती.

आबांनी पलटणीत फोन करून चौकशी केली. ऋतुराजचा नंबर पंधरा फेब्रुवारीला होता. आबांनी कॅलेंडरवर पंधराला गोल केला आणि आईला दाखवला. मी म्हटलं, पंधरा लई लांब आहे आबा, आजच फोन करा आणि सिरियस म्हणा. आबांनी दवाखान्याचा कागद पुढं केला. त्याच्यावर लिहिलं होतं, प्रकृती स्थिर. मी सांगत होते की बाईंनी तोंडानं वेगळं सांगितलंय, आणि आबा त्या कागदावर बोट ठेवून बसले होते. तीस वर्षं त्यांनी कागदाशिवाय कुणाची आई आजारी मानली नव्हती, आता स्वतःच्या बायकोला कशी मानणार?

"कागदावर स्थिर हाय, तनू," ते म्हणाले. "मी सिरियस म्हणालो तं ते लगेच सोडतील. माझ्या शब्दावर सोडतील. पण मग दुसऱ्या कुणाचं पोरगं अडकंल."

मी त्यांना नाही नाही ते बोलले. खडूस म्हणाले, दगड म्हणाले. तुम्हाला बायकोपेक्षा रजिस्टर प्यारं आहे म्हणाले. आबा उठून अंगणात गेले आणि झाडाला पाणी घालत बसले. शेवटी मीच त्यांच्या डायरीतून नंबर काढून पलटणीत फोन लावला. तिथला क्लार्क मोठ्या अदबीनं बोलला. म्हणाला, सुभेदार साहेबांचा कालच फोन आला होता, तब्येत स्थिर आहे म्हणाले, घाई नाही म्हणाले, आणि साहेबांचा शब्द आमच्यासाठी पुरेसा आहे. माझ्या बापाचा शब्द तिथं इतका खरा होता, की त्याच्यापुढं माझं खरं कुणी ऐकेना.

मधे एकदा ऋतुराजचा फोन आला. आईनं तो माझ्या हातातून ओढूनच घेतला. म्हणाली, मला काय धाड भरलीय, बरी हाय मी, नुसते पाय गार पडतात. दोन मिनिटं संपली. तेव्हा मी फोन हिसकावून घ्यायला पाहिजे होता, ओरडून सांगायला पाहिजे होतं. आई समोर होती म्हणून नाही सांगितलं. नुसतं आबांना काय बोलत बसले मी, माझाही गुन्हा आहेच.

आई रोज सकाळी विचारायची, आज किती तारीख. सहा फेब्रुवारीला सकाळी तिला चहा पाजत होते, तेव्हाही विचारलं. मी म्हटलं, सहा. ती म्हणाली, नऊ दिस राहिले. दुसरा घोट घेतला नाही. मी कप खाली ठेवला, तेवढ्यात ती गेली होती.

आईला खाली घेतलं. शेजारपाजारचे जमले. आबा आत गेले, इस्त्रीचा शर्ट घालून आले. पलटणीत फोन करायचा म्हणजे त्यांना असाच करता येतो. आईच्या उशाशी उभं राहून त्यांनी नंबर लावला. मला वाटलं, आता सांगतील. आबा ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "ऋतुराज की माँ सीरियस है. जल्दी भेजो."

आयुष्यात पहिल्यांदा माझा बाप माझ्यादेखत खोटं बोलला, आणि तेही ज्या शब्दासाठी मी महिनाभर त्यांचे पाय धरत होते तोच शब्द वापरून. मला त्यांच्या हातातला फोन फेकून द्यावासा वाटला. पलीकडच्या क्लार्कनं काय झालं ते विचारलं नाही, आजच उतरवतो म्हणाला. तो समजला होता. पलटणीत अशा वेळी असंच सांगतात. चौकीवरून खाली यायला दीड दिवस बर्फातली पायवाट असते, कड्याकडेनं. आई गेली हे कळलेलं पोरगं पाय कुठं ठेवील? आबांनी तीस वर्षांत किती पोरांना असं "सिरियस" सांगून खाली उतरवलं होतं, ते त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं. डायरीत ती पोरं लिहिलेली नव्हती.

दुपारी आबांनीच अग्नी दिला आणि डोकं भादरलं. मग ते गावात घरोघर गेले. कुणी मोबाईलवर भावपूर्ण श्रद्धांजली टाकू नका म्हणून हात जोडत होते. चुलतभाऊ शिवमनं आईचा फोटो टाकलाच होता, त्याला समोर बसवून काढायला लावला. ऋतुराज खाली उतरला की त्याच्या मोबाईलला रेंज येणार होती.

रेंज आली तसा त्यानं मलाच फोन केला. जम्मूच्या स्टेशनवरून. "ताई, आई काय करतीय?" मी म्हणाले, झोपलीय. तेवढंच जमलं. तो म्हणाला, चौकीवरची पोरं माझ्याकडं कशीतरीच बघत होती, कुणी जेवणाचं ताट आणून दिलं, कुणी बॅग भरून दिली. "त्यांना वाटलं आई गेली, मला घरचे खोटं सांगतायत. मी म्हणलं, तुमच्या घरचे सांगत असतील. माझा बाप खोटं बोलत नाय." मी फोन ठेवला आणि तोंडात पदर कोंबला.

अख्ख्या पलटणीला कळलं होतं. कळलं नव्हतं ते एकट्या आमच्या ऋतुराजला, कारण तो बद्रीनाथ तुपेचा पोरगा होता.

तिसऱ्या दिवशी राख सावडली आणि पाचव्या दिवशी दुपारी आम्ही दोघं स्टेशनवर गेलो. आबांनी शेजारच्या सर्जेरावांची पांढरी टोपी मागून घेतली होती. मनमाडला गाडी बदलून ऋतुराज उतरला. दाढी वाढलेली, डोळे लाल, पण चेहऱ्यावर घाई होती, काम करायला निघालेल्या माणसाची घाई. आबांच्या पाया पडला आणि बोलतच सुटला. साहेबांनी साठ दिवस दिलेत. पुण्याला मिलिटरी दवाखान्यात एका ओळखीच्याशी बोललोय, उद्याच आईला हलवू. मग तिथंच फलाटावर बॅग उघडली आणि लोकरीचे लाल मोजे काढले. आईचे पाय गार पडतात म्हणून कँटीनमधून घेतलेले, बारका नंबर बघून. ते हातात धरून त्यानं आबांकडं नीट बघितलं.

"आबा, टोपी कधीपासून?"

आबांनी टोपी काढली.

ऋतुराज त्या डोक्याकडं बघत राहिला. गाडी सुटली, फलाट मोकळा झाला, तरी तो तसाच. त्यानं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तो अगदी हळू बोलला.

"तुम्ही सिरियस म्हणला होतात ना, आबा. दुसऱ्या कुणी म्हणलं असतं तं मी रस्त्यातच रडून घेतलं असतं."

आबा तिथंच बाकड्यावर बसले. मोजे मी घेतले. ते अजून माझ्याकडं आहेत, कुणाला द्यायची हिंमत होत नाही.

पंधरा फेब्रुवारीला, रजिस्टरप्रमाणं ज्या दिवशी त्याचा नंबर होता, त्या दिवशी आईचा दहावा झाला. कायगावला गोदावरीच्या काठी ऋतुराजनं डोकं केलं. लोक म्हणत होते, पोरगं आलं, माउलीचं समाधान झालं. मला त्या लोकांचा इतका संताप आला, की मी घाटाच्या पायऱ्या चढून वर जाऊन उभी राहिले. घरी आल्यावर आबांनी जत्रांची डायरी चुलीत घातली. कुणी त्यांना अडवलं नाही.

ऋतुराज परत गेला. फोन करतो, आबांशीही बोलतो, नाही असं नाही. पण तब्येत कशी आहे असं आबांना विचारत नाही. ते मला विचारतो.

मागच्या मंगळवारी मी आबांना घ्यायला त्या बाकड्याकडं गेले होते. एक बाई त्यांच्याकडून अर्ज लिहून घेऊन गेली. सासूला गुडघेदुखी होती, आणि आबांनी लिहिलं, सिरियस. मी म्हटलं, आबा, अहो गुडघे आहेत ते, कशाला खोटं लिहिता?

त्यांनी पेनाचं टोपण लावलं, कागद पिशवीत सरकवले.

"तनू, माझ्या टायमाला उशीर करू नको. मी बरा असतानाच त्याला फोन कर," ते म्हणाले. "मी चहा पीत बसलेला असंल, तवाच सिरियस म्हण."

मी हो म्हटलं आणि त्यांची पिशवी घेतली.