दाराबाहेरचा थांब्या

भुतांच्या एका कॉमिकसाठी ती चित्रं काढायची, आणि तिचा थांब्या घराघरांत पोचला होता. थांब्या कुणाचा गळा दाबत नसे, रक्त पीत नसे. तो फक्त दाराबाहेर येऊन थांबायचा. दाराखालच्या फटीत दोन सावल्या, सपातांचा आवाज बंद, आणि आत एखादं पोर श्वास रोखून बसलेलं. एवढ्यावरच वाचकांची गाळण उडायची.

संपादकांना मात्र आता घाई झाली होती.

"बाई, किती वर्षं उभा ठेवलाय बिचाऱ्याला. पाय दुखले असतील त्याचे. या अंकात दार उघडा आणि तोंड दाखवा."

"तोंड दाखवलं की भीती जाते."

"नाही दाखवलं तर वाचक जातात. सोमवारी पान हवं."

ती हो म्हणाली. थांब्या कुठून आला हे तिला पक्कं ठाऊक होतं. लहानपणी बाबा कामावरून आले की त्यांच्या सपाता पॅसेजमधून वाजत यायच्या आणि तिच्या खोलीबाहेर थांबायच्या. कधी पुढे जायच्या. कधी दार उघडायचं. मार परवडला, पण ते थांबणं नको व्हायचं. किल्ल्या कशा ठेवल्या, खाकरले की नाही, यावरून ती अंदाज बांधायची. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकदा अंक चाळता चाळता बहीण म्हणाली होती, "बाबांना बरं कामाला लावलंस गं," आणि दोघी पोट धरून हसल्या होत्या.

रविवारी दुपारी ती टेबलाशी बसली. कागदावर चेहरा काढायचा तर तो आधी स्वतःच्या तोंडावर आणायचा, ही तिची पद्धत. त्यासाठी एक आरसा शाईच्या बाटलीला टेकवलेला असायचा. रडणारी म्हातारी, दचकलेला पोलीस, सगळे तिच्याच तोंडावरून कागदावर उतरलेले. आज तिने बाबा आठवले. जबडा आवळला, नाकपुड्या फुगवल्या, डोळे बारीक केले. जमायला वेळ लागेल असं तिला वाटलं होतं. पण चेहरा लगेच येऊन बसला, रोजचा चष्मा नाकावर बसावा तसा.

तेवढ्यात दाराबाहेर पावलं वाजली आणि थांबली.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिने दाराकडे पाहिलं. फटीत दोन सावल्या होत्या. मग दार बोटभर उघडलं. लेक होती. तिने आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि कोरड्या आवाजात म्हणाली, "काही नाही. नंतर येते."

हा आवाज तिच्या ओळखीचा होता. तिचाच होता तो, लहानपणी खास बाबांशी बोलायचा, ठेवणीतला.

"अगं, ये की आत. थांब्याचा चेहरा आहे हा. चित्रासाठी केलाय."

"हं."

"घाबरलीस?"

"नाही." लेक दाराच्या कडीशी चाळा करत राहिली. "परवा दूध सांडलं तेव्हा पण केला होतास. तेव्हा चित्र नव्हतं."

"मग बाहेर का थांबलीस?"

"तू पेन्सिल कशी ठेवतेस ते ऐकत होते. आपटलीस की मी येतच नाही."

लेक निघून गेली. आपण पोरीवर कधी हात उगारला नाही, असं ती मनाशी म्हणाली. पण बाबाही काही रोज मारत नसत.

तिने चित्र पुरं केलं. आरशात बघून, काही न बदलता, स्वतःच्या कपाळावरच्या बटेसकट. सोमवारी संपादकांच्या अंगावर काटा येणार हे तिला कळत होतं, पण त्यात तिला काडीचा आनंद नव्हता.

संध्याकाळी ती लेकीच्या खोलीकडे गेली. दारापाशी पोचताच तिच्या सपाता आपोआप थांबल्या. आत वहीवर चाललेली पेन्सिलही थांबली. आपल्या तोंडावर या क्षणी काय आहे, ते तिला दिसत नव्हतं. तिने गाल चाचपला. जबडा घट्ट होता.

बाबांनी कधी विचारलं नव्हतं. तिने कडीवरचा हात काढला, एक पाऊल मागे सरकली.

"मी आहे गं. आत येऊ का?"

आत खुर्ची सरकली. मग काहीच नाही. ती बाहेर उभी राहिली, श्वास रोखून.